पाकीट खानदेशातून, पत्ता परदेशातला

फक्त कवितेला वाहिलेलं द्वैमासिक धुळ्यातून काढायचं आणि टिकवून दाखवायचं, हे पुरुषोत्तम पाटलांनी १९८५पासून केलं. 'कविता-रती'साठी महाराष्ट्रभरातून कविता धुळ्याला येऊ लागल्या. मराठी नियतकालिकांचा त्या काळचा रिवाज साधा होता. लेखनासोबत आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. पसंत पडलं नाही तर त्याच पाकिटातून 'साभार परत' यायचं. लेखकाचा खर्च टपालापुरता. वाचण्याबद्दल संपादकाने लेखकाकडून पैसे घ्यावेत, ही गोष्ट कुणाच्या डोक्यातही नव्हती. मानधन मिळेलच असं नव्हतं, पण दाराशी पावती फाडली जात नव्हती.

आज अमळनेरचा, शिरपूरचा, चोपड्याचा लिहिणारा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर परदेशी वाङ्मयीन नियतकालिकांची नावं पाहते, नियम वाचते, अर्ज भरत भरत शेवटच्या पायरीला येते आणि तिथे तीन डॉलर भरा असं लिहिलेलं असतं. बहुतेकांचा प्रवास तिथेच संपतो. 'हे आपल्यासाठी नाही' असं मनाशी ठरवून माणूस परत फिरतो. हा आढावा त्या परत फिरलेल्यांसाठी आहे. खानदेशात बसून, एक रुपयाही शुल्क न भरता जगातल्या चांगल्या नियतकालिकांकडे लेखन पाठवता येतं. अडचण आहे, मोठी आहे, पण ती शुल्काची नाही. ती भाषांतराची आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

आधी शुल्काचं पाहू. टपालाच्या काळात परदेशी मासिकाला कविता पाठवायची तर परतीच्या टपालासाठी इंटरनॅशनल रिप्लाय कूपन जोडावं लागे. मग सगळं संगणकावर आलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या मिझूला गावी २०१०मध्ये 'सबमिटेबल' ही कंपनी निघाली आणि शेकडो नियतकालिकं आलेलं लेखन तिच्यामार्फत स्वीकारू लागली. या सोयीचे पैसे नियतकालिकाला भरावे लागतात. ते कुठून आणायचे, तर लेखकाकडून, असा मार्ग अनेकांनी काढला. टपालाचा खर्च वाचलाच आहे, तेवढेच पैसे इकडे द्या, असा त्यांचा युक्तिवाद. अमेरिकेतल्या लेखकाला तो पटण्यासारखा असेल. इकडे तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपयांहून अधिक, आणि नकार हा या व्यवहाराचा रोजचा भाग असल्याने एक कथा वीस ठिकाणी फिरवावी लागली तर पाच हजार. शिवाय नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यायचे, वर चलनबदलाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी. सुरुवात करणाऱ्या लेखकाने या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शुल्क घेणारी सगळीच नियतकालिकं वाईट असतात असं नाही. काही जण वर्षातले ठरावीक दिवस विनाशुल्क ठेवतात, काही जण अडचण कळवल्यावर शुल्क माफ करतात. ते नियमांच्या पानावर तळाशी लिहिलेलं असतं आणि घाईत वाचायचं राहून जातं. पण मुळात त्यांच्या दाराशी अडून बसण्याची गरजच नाही.

कारण शुल्क न घेणारी नियतकालिकं दुय्यम नाहीत. शिकागोचं 'पोएट्री' हॅरिएट मन्रो यांनी १९१२मध्ये सुरू केलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या अंकात रवींद्रनाथांनी स्वतः इंग्रजीत आणलेल्या कविता छापून आल्या, नोबेल मिळण्याच्या आदल्या वर्षी. हे मासिक आजही कविता वाचायचे पैसे घेत नाही, भाषांतरं स्वीकारतं आणि छापलेल्या कवितेला मानधन देतं. ब्रिटनमधलं 'मॉडर्न पोएट्री इन ट्रान्सलेशन' टेड ह्यूज आणि डॅनियल वाइसबोर्ट यांनी १९६५मध्ये काढलं ते केवळ भाषांतरित कवितेसाठी; तिथेही शुल्क नाही. 'वर्ड्स विदाउट बॉर्डर्स' २००३पासून जगभरच्या भाषांमधलं गद्य-पद्य इंग्रजीत आणतं, तेही लेखकाकडून काही न घेता. हाँगकाँगहून २००७मध्ये सुरू झालेलं 'चा' हे आशियाई लेखनासाठीचं नियतकालिक याच पंगतीतलं.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांना तर आणखी मोकळं रान आहे. त्या क्षेत्रातल्या लेखकांनी पैसा लेखकाकडे आला पाहिजे, लेखकाकडून जाता कामा नये, हा संकेत इतका घट्ट धरून ठेवला आहे की तिथे शुल्क मागणारं मासिक टिकत नाही. 'क्लार्क्सवर्ल्ड' २००६पासून निघतं, शब्दाला दहा सेंटांहून अधिक मानधन देतं, चिनी आणि कोरियन कथांची भाषांतरं त्याने मोठ्या संख्येने छापली. 'स्ट्रेंज होरायझन्स' २०००पासून आहे आणि भाषांतरित लेखनासाठी 'समोवार' नावाचं त्याचं वेगळं भावंड आहे. जयंत नारळीकरांच्या कथा वाचत वाढलेल्या मराठी लेखकांनी या दिशेला फारसं पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. केळीच्या बागा, तापीचं पात्र, भुसावळचं वीजकेंद्र आणि रेल्वेचं जाळं यांच्यातून उभी राहणारी विज्ञानकथा जगात दुसरं कोण लिहिणार?

देशातही विनाशुल्क वाटा आहेत. साहित्य अकादमीचं 'इंडियन लिटरेचर' १९५७पासून भारतीय भाषांमधलं लेखन इंग्रजीत छापत आलं आहे. 'आउट ऑफ प्रिंट' २०१०पासून कथेला वाहिलेलं आहे. पुण्याहून निघणारं 'हाकारा' मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत चालतं. ज्याला एकदम परदेशी उडी नको वाटते त्याने पहिलं पाऊल इथे टाकावं.

शुल्काबद्दलची एक गोष्ट परदेशाशी संबंधित नाही, तरी ती सांगणं मला गरजेचं वाटतं. जळगाव-धुळ्याच्या कवींच्या मोबाइलवर दर आठवड्याला काही संदेश फिरत येतात. प्रातिनिधिक काव्यसंग्रह, आंतरराष्ट्रीय काव्यमहोत्सव, सन्मानपत्र, स्मृतिचिन्ह, कधी जागतिक विक्रमात नोंद, आणि शेवटी ऑनलाइन पैसे भरण्याचा क्रमांक. शाळेत शिकवणारे, शेती करून लिहिणारे, घर सांभाळून रात्री वहीत लिहिणाऱ्या बाया, यांच्याकडून असे पैसे गोळा होतात. त्या संग्रहाला संपादक असतो तो नावापुरता, कारण पैसे भरलेली कविता परत जात नाही. जिथे नकार मिळूच शकत नाही तिथल्या होकाराला किंमत नसते. तीन डॉलर मागणारं परदेशी मासिक निदान वाचून नकार देतं. आपल्या माणसांचा सगळ्यात जास्त पैसा या गावातल्या 'आंतरराष्ट्रीय' पुस्तकांत जातो, आणि त्या पैशात एखाद्या चांगल्या भाषांतरकाराला मानधन देता आलं असतं.

इथून खऱ्या अडचणीकडे येऊ.

खानदेशातून जगात सर्वांत दूर गेलेली दोन पुस्तकं कोणती, याचा विचार केला तर दोन्हींच्या पाठीशी एक लिहून घेणारा माणूस दिसतो. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि ते साने गुरुजींनी टिपून घेतलं. त्याची 'गीता प्रवचने' झाली आणि ती देशातल्या-परदेशातल्या कितीतरी भाषांत गेली. दुसरं पुस्तक बहिणाबाईंचं. आसोद्याला जन्मलेल्या, जळगावला नांदलेल्या या बाईला अक्षरओळख नव्हती. तिची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवली, ती १९५१मध्ये गेल्यावर मुलगा सोपानदेव चौधरींनी ती आचार्य अत्र्यांपुढे ठेवली आणि १९५२मध्ये पुस्तक आलं. सोपानदेवांनी संकोचापोटी ती वही तशीच ठेवली असती, तर आज जळगावच्या विद्यापीठाला देण्यासाठी ते नाव नसतं. पुढे त्याच ओव्या अंजली पुरोहित यांनी इंग्रजीत नेल्या.

तिसरं उदाहरण वाहरू सोनवणे यांचं. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. तिथल्या भिल्ल चळवळीतून आलेल्या या कवीचा 'गोधड' हा संग्रह १९८७मध्ये आला. त्यांची 'स्टेज' ही कविता, आदिवासींचं दुःख आदिवासींनाच व्यासपीठावरून सांगितलं जातं त्याविषयीची, आज देशाबाहेरही अभ्यासक वाचतात. ती इंग्रजीत आणली गेल ऑम्वेट, भारत पाटणकर आणि सुहास परांजपे यांनी. तिघेही चळवळीतले. कुणी शुल्क भरलं नाही, कुणी अर्ज केला नाही. जवळच्या माणसांनी कविता उचलून पलीकडे नेली.

तेव्हा अंतर हा मुद्दा नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं आणि तिथून 'द फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक कित्येक दशकं निघत होतं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारख्या तत्त्वज्ञाचे निबंध त्यात छापले जात. पुणे विद्यापीठाने १९७३मध्ये 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' सुरू केलं ते त्याच परंपरेतून. तालुक्याच्या गावातून देशभरच्या विद्वानांशी इंग्रजीत पत्रव्यवहार चालायचा. त्याच गावात २०२४च्या फेब्रुवारीत ९७वं साहित्य संमेलन भरलं, आणि भाषणांची, गर्दीची, ग्रंथदिंडीची खूप चर्चा झाली. खानदेशातलं लेखन दुसऱ्या भाषेत कसं जाईल, यासाठी मात्र कायमची काही व्यवस्था मागे उरली नाही.

शेजारच्या कर्नाटकाकडे पाहावं. हासन हे जिल्ह्याचं गाव. तिथे वकिली करत कन्नडमध्ये लिहिणाऱ्या बानू मुश्ताक आणि त्यांच्या भाषांतरकार दीपा भास्ती यांना २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. पुस्तकाआधी त्यातली एक कथा 'द पॅरिस रिव्ह्यू'त आली होती. मासिकात एक कथा, मग दुसरी, मग पुस्तक, असा हा क्रम असतो. त्यासाठी लेखिकेला हासन सोडावं लागलं नाही. तिला एक चांगली भाषांतरकार मिळाली.

खानदेशात असे भाषांतरकार कुठून यायचे? जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय, अमळनेरचं प्रताप महाविद्यालय, धुळ्याची महाविद्यालयं, सगळीकडे इंग्रजीचे विभाग आहेत. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी आणि पदवीला इंग्रजी अशा तीन भाषांत वावरलेली मुलं तिथे दरवर्षी बसतात. वर्ड्सवर्थवर विसावा प्रबंध लिहिण्याऐवजी एम.ए.च्या विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातल्या एका जिवंत कवीच्या दहा कविता इंग्रजीत आणाव्या, कवीसमोर बसून आणाव्या, असं एका विभागाने जरी ठरवलं तरी चित्र बदलेल.

हे बसणं कसं असतं ते सांगतो. समजा पारोळ्याचा कवी आणि जळगावची प्राध्यापिका. पहिल्या बैठकीत कवी कविता मोठ्याने वाचतो, प्राध्यापिका थांबवून थांबवून विचारते: हे अवजार बैल ओढतो की माणूस, ही वेळ पहाटेची की उजाडल्यानंतरची, ही शिवी रागाची की लाडाची. कच्चा शब्दशः मसुदा होतो. दुसऱ्या वेळी तो मसुदा बाजूला ठेवून इंग्रजी कविता म्हणून ती लिहिली जाते. तिसऱ्या वेळी इंग्रजी मोठ्याने वाचायचं आणि कवीने, त्याला इंग्रजी बेताचं येत असलं तरी, कुठे लय तुटते ते सांगायचं. कान फसत नाही. एका कवितेला पंधरा दिवस सहज जातात. मोबाइलवरच्या यंत्रभाषांतराने हे दोन सेकंदांत होतं, आणि संपादक ते दोन ओळींत ओळखतो. २०२३च्या फेब्रुवारीत यंत्राने लिहिलेल्या कथांचा एवढा लोंढा आला की 'क्लार्क्सवर्ल्ड'ला काही काळ कथा स्वीकारणंच थांबवावं लागलं. तेव्हापासून जवळपास सगळ्यांचे नियम या बाबतीत कडक झाले आहेत.

भाषांतर करायचं तर परवानगी लागते. भारतीय कायद्यात भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा असतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो. जिवंत कवीची लेखी संमती घ्यावी, साधं ई-पत्र पुरतं. पण खानदेशाच्या भाषांतरकारासाठी मोठा खजिना आधीच खुला झालेला आहे. धरणगावचे बालकवी १९१८मध्ये गेले, साने गुरुजी १९५०मध्ये. दोघांचंही लेखन मुक्त आहे. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मागे छापली गेली, त्यामुळे साठ वर्षं प्रकाशनापासून मोजली तरी २०१२अखेर मुदत संपली. त्याच पुस्तकातली अत्र्यांची प्रस्तावना मात्र २०२९अखेरपर्यंत हक्काखाली आहे. ज्याला स्वतःचं नवं लेखन अजून तयार वाटत नाही त्याने बालकवींच्या दोन निसर्गकवितांपासून सुरुवात करावी.

पाठवण्याच्या रीतीत दोन गोष्टी आपल्या सवयीच्या उलट आहेत. आपल्याकडे एकच कथा दोन संपादकांकडे एका वेळी पाठवणं हा अपराध समजतात. तिकडे बहुतेक ठिकाणी ते चालतं, फक्त एकाने घेतली की दुसऱ्याला तत्काळ कळवायचं. उत्तर यायला आठ-आठ महिने लागतात, तेव्हा ही मुभा वापरलीच पाहिजे. दुसरी गोष्ट फेसबुकची. कविता सुचली की संध्याकाळी भिंतीवर, असं आपल्याकडे झालं आहे. अनेक परदेशी संपादक त्याला पूर्वप्रसिद्धी मानतात. मराठीत छापून आलेल्या कवितेचं इंग्रजी भाषांतर बहुतेकांना चालतं, पण ते इंग्रजी भाषांतर समाजमाध्यमावर टाकलं की संपलं.

बाकीचं तांत्रिक थोडक्यात. मूळ मराठी मजकूर सोबत मागितला जातो. तो युनिकोडमध्येच हवा. जळगावच्या डीटीपीच्या दुकानातून श्रीलिपीत करून आणलेली फाइल तिकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात. परिचय तृतीयपुरुषी, चार ओळींचा. पुरस्कारांची यादी नको. काही ठिकाणी महिन्याची मर्यादा भरली की दार बंद होतं. न्यूयॉर्कच्या मध्यरात्री उघडणारं दार आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला उघडतं, तेव्हा जागरणाची गरज नाही. कुठे काय पाठवलं याची नोंद वहीत ठेवली तरी पुरते. 'सबमिशन ग्राइंडर'सारखी विनामूल्य सोयही आहे.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. यावल-रावेरच्या पट्ट्यातल्या सांगवीहून आलेले भालचंद्र नेमाडे अनेक वर्षं इंग्रजी शिकवत राहिले, धुळ्यातही, आणि तरी इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीय लेखकांवर त्यांनी सतत टीका केली. आपली भाषा सोडून परक्या वाचकाच्या पसंतीसाठी का लिहायचं, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. मी तो असा समजतो की लिहायचं मराठीतच, अहिराणीतच. परदेशी संपादकाला काय आवडेल याचा अंदाज बांधून लिहिलेली कविता दोन्हीकडे फसते. 'कोसला' १९६३मध्ये आली ती मराठी वाचकासाठी, आणि सुधाकर मराठ्यांनी ती इंग्रजीत नेली १९९७मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत कादंबरीचं काही बिघडलं नाही. पण प्रत्येक लेखकाला एवढी वाट पाहायला लावणं न्यायाचं नाही, विशेषतः ज्यांच्या भाषेत छापणारी नियतकालिकं फारशी नाहीत त्यांना. पावरी, भिलोरी, अहिराणी या भाषांतून थेट इंग्रजीत आलेलं लेखन भाषांतराला वाहिलेल्या संपादकांना हवंच असतं. आजवर त्यांच्यापर्यंत पोचलं नाही ते आपल्याकडून.

सर्वांत जवळचं दार राष्ट्रकुल कथापुरस्काराचं. प्रवेशशुल्क नाही, कथा दोन ते पाच हजार शब्दांची, लेखक राष्ट्रकुल देशाचा नागरिक हवा. २०२०मध्ये तो एकूण विजेतेपदासह रांचीच्या कृतिका पांडे यांना मिळाला. बंगाली आणि तमिळ कथा तिथे मूळ भाषेत पाठवता येतात, मराठी येत नाही. मराठीच्या संस्थांनी, साहित्य महामंडळाने आणि विद्यापीठांनी, याबद्दल पुरस्काराच्या लंडनमधल्या आयोजकांकडे रीतसर मागणी करायला हवी. तोवर मराठी कथा इंग्रजी भाषांतरातून पाठवता येते आणि जिंकलेल्या कथेच्या भाषांतरकारालाही वेगळी रक्कम मिळते. अलीकडच्या वर्षांत ही मुदत १ सप्टेंबर ते १ नोव्हेंबर अशी असते. दिवाळी अंकांच्या कथा जुलै-ऑगस्टात देऊन झालेल्या असतात. त्यातली एक कुणाला न देता, समाजमाध्यमावर न टाकता बाजूला ठेवायची, गणपतीत भाषांतरकारासोबत पहिली बैठक घ्यायची आणि दसऱ्यापर्यंत इंग्रजी मसुदा हातात घ्यायचा. वेळ पुरेसा आहे.